त्रेपन्नावा शेकडा

सणसरची ती बास मी हातची का सोडली, न घेता का परतलो, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. एरवी हा विषय मी दुकानात काढत नाही. गिऱ्हाईक हसतं, आणि हसलेलं गिऱ्हाईक भाव पाडून मागतं.

बारामतीत आमचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान, वडिलांपासूनचं. बोअरमधली मोटर जळते, शेतकरी शिव्या घालत ती आणून टाकतो, आम्ही जळकी तार उपसून नवी भरतो. पोट त्याच्यावर चालतं. जीव मात्र रमला तो जुन्या इलेक्ट्रिक बास गिटारींत. चार जाड तारांचं वाद्य, ऑर्केस्ट्रात गाणाऱ्याच्या मागं उभं राहून वाजवायचं. त्याचा आवाज कानाला कमी आणि पोटाला जास्त कळतो. पन्नास-साठ वर्षांपूर्वी बोटीवरच्या लोकांनी मुंबईत आणलेली अमेरिकी वाद्यं हातोहात फिरत कुठल्या कुठं पोचली आणि आता माळ्यांवर धूळ खात पडलीत. मी ती शोधून काढतो, उघडतो आणि सुटी करून विकतो. मान, चाव्या, बटणं, अहो, मूळचा स्क्रूसुद्धा विकला जातो! पण खरं मोल पिकअपला. तारांखाली बसवलेले लोहचुंबक आणि त्यांच्याभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर वाद्याची तार थरथरली की खाली वीज जन्मते. साठच्या दशकातली मूळची, न उघडलेली जोडी असेल तर लाखाच्या पुढंच बोलायचं. तीच कुणी पुन्हा गुंडाळलेली निघाली की भाव निम्म्यावर. मित्र मला वाद्यांचा खाटीक म्हणतात. म्हणू देत, बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार?

गेल्या जानेवारीत एका सकाळी फोन आला.

"तुमी जुनी गिटारं घेता म्हणं?" वयस्कर बाईचा आवाज होता.

"घेतो की, मावशी. कोण बोलतंय?"

"सणसरवरनं द्वारकाबाई. आमच्या मालकांनी तुमच्याकडनं तार नेली हुती. रिळावर नंबर हाय तुमचा."

तार म्हटल्यावर माणूस आठवला. महिपती तात्या. साखर कारखान्यातून वायरमन म्हणून निवृत्त झालेले, ऐकायला जरा कमी येणारे. माझ्याकडं बेचाळीस नंबरची, सगळ्यात बारीक तार मागायला आले होते. मी म्हटलं, तात्या, ही मोटरीला चालत नाही. तर म्हणाले, "मोटरीला न्हाय वं, माझ्या बासला." म्हातारा थट्टा करतोय असं समजून मी रीळ दिलं होतं.

"तात्या कसे आहेत?"

"गेल्या श्रावणाच्या आदल्या श्रावणात गेले." मग म्हणाल्या, "वाद्य अमेरिकेचं हाय म्हणत हुते. येऊन बघता का?"

मी दुकानाला कुलूप घातलं.

पिंपळी मागं पडली तसा रस्ता उसाच्या ट्रॉल्यांनी भरला. गळीत ऐन जोरात होतं. भवानीनगरच्या बाजूनं मळीचा तो गोड-आंबूस वास येत होता, आधी नकोसा वाटणारा आणि मग कपड्यांना चिकटून बसणारा. सणसरच्या अलीकडं पाणंदीत वळलो. द्वारकाबाईंचं घर शेवटचं, तीन बाजूंनी उभा ऊस. भर दुपारचे दोन वाजले होते, तरी अंगणात उजेड हिरवा आणि मिणमिणता पडला होता. उसाची पाती एकमेकांवर घासत होती. बाकी आवाज नव्हता.

द्वारकाबाई सत्तरीच्या, ताठ, गोऱ्या. पाणी दिलं आणि लगेच मागच्या खोलीत घेऊन गेल्या.

"त्येंची खोली. मी फकस्त झाडती. हात कशाला लावत न्हाय."

भिंतीशी एक जुना पेटीएवढा अँप्लिफायर. शेजारी स्टँडवर बास. मी कापड काढलं आणि खरं सांगतो, तोंडाला पाणी सुटलं. कडेला काळपट, मधोमध मधासारखा पिवळा रंग, कोपरापाशी घासून लाकूड उघडं पडलेलं. मानेचे स्क्रू सोडवून पाहिलं, तर आत पेन्सिलीनं लिहिलेलं साल निघालं, चौसष्ट. चाव्या मूळच्या. पुढचा पिकअप मूळचा, कुणी नख लावलेलं नाही. मागच्या पिकअपच्या जागी मात्र रिकामा खळगा.

तो मागचा पिकअप टेबलावर होता. तात्यांनी शिलाई मशीनच्या हातचाकावर तार गुंडाळायची सोय केली होती. चाकाला एक खिळा ठोकलेला आणि खाली पत्र्याची पट्टी, म्हणजे दर वेढ्याला टक्‌ असा आवाज व्हावा. चाकावर अर्धा भरलेला पिकअप, आणि त्यातून निघालेली तार थेट माझ्या दुकानातल्या रिळापर्यंत गेलेली. न तुटलेली. ही तार जोरात श्वास सोडला तरी तुटते हो. दीड वर्ष ती हवेत तशीच ताणलेली होती, आणि तिच्यावर धुळीचा कण नव्हता.

"ह्ये झाडताना...?" मी विचारलं.

"म्हटलं न्हवं, हात लावत न्हाय."

समोरच्या भिंतीवर खडूच्या रेघा होत्या. पाच-पाचचे जुडगे. मी मोजल्या, बावन्न.

मी मनात अडीच लाख ठरवले आणि तोंडानं सव्वा म्हणालो. धंदा तो धंदा. पण त्यांनी ऐकलंसुद्धा नाही.

"पैशाचं रविराज बघंल, पोरगा हाय पुण्याला. आधी माझं एक काम करा. ह्ये अर्धं ऱ्हायलंय ते हितंच बसून पुरं करा. मग वाद्य न्या, कुठं बी न्या."

"मावशी, माझ्या दुकानात मशीन आहे. वीस मिनिटांत..."

"हितंच," त्या म्हणाल्या, आणि खाली बसून त्यांनी सगळं सांगितलं.

तात्या वेढे मोजत ते खळ्यावर रास मोजल्यासारखे. तुम्हाला ठाऊकच आहे, धान्याचं पहिलं माप घालताना आपण 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो. लाभ, दोन, तीन असं शंभरपर्यंत. शंभर झाले की भिंतीवर खडूची एक रेघ आणि पुन्हा लाभ. कानानं अधू म्हणून ते बास अँप्लिफायरला जोडून शेजारीच ठेवायचे. पुढच्या पिकअपमध्ये मुरवलेलं मेण साठ वर्षांत तडकलं होतं. असा पिकअप नुसत्या तारा ऐकत नाही, आसपासचं सगळं ऐकतो, टिचकी, खोकला, बोलणं. त्यामुळं पट्टीची टकटक आणि तात्यांचं स्वतःचं मोजणं स्पीकरमधून मोठ्यानं घुमायचं, आणि त्यांचा आकडा चुकायचा नाही. काय डोकं! मी पंचवीस वर्षं धंद्यात आहे, मला सुचलं नसतं.

"त्या दिशी मी सैपाकघरात हुते," द्वारकाबाई म्हणाल्या. "शंभर म्हणाले. रेघ वढली आसंल. मग 'लाभ' म्हणाले, त्ये मी ऐकलं. आन लगीच मी हाक मारली. अवो, च्या झाला. तेवढ्यात कुकर शिट्ट्या द्याया लागला. पुन्यांदा हाक मारली, ओ न्हाय. तिसऱ्यांदा बी न्हाय, म्हून हितं आले, तर चाकावर हात ठिवून बसल्याले. बसूनच गेलं हुतं माणूस."

मी त्या चाकाकडं पाहिलं.

"डागदर म्हणला हार्ट. पर माझी जाऊ फुलाबाई दहाव्याला सगळ्यांम्होरं म्हणली, रास मोजणाऱ्याला हाक मारत न्हाईत, दचकून जीव जातो. आता तुमी सांगा, मोजणं लाभाला थांबलं हुतं का फुडं गेलं हुतं?"

आता कुठं मला कळलं की या बाईनं मला गिटार विकायला बोलावलेलंच नाही. तारेतला विजेचा अडथळा मोजणारं ओमचं मीटर लावून मी पिकअप मोजला. हिशेबानं बावन्नशे वेढे आणि वर काहीतरी. वर किती ते मीटर सांगेना. उलटं उलगडत मोजावं तर जुनी तार पहिल्या थरालाच तुटणार.

"सांगता येत नाही, मावशी. आणि पाच-पन्नास वेढ्यांनी आवाजात फरकही पडत नाही."

"मला पडतो," त्या म्हणाल्या.

नाही म्हणवेना. असले पिकअप नव्वद शेकड्यांचे असतात, म्हणजे तास-सव्वा तासाचं काम. मी पुढचा पिकअप अँप्लिफायरला जोडला, बास स्टँडवर टेबलाला टेकवून ठेवली, बटण फिरवलं. घूं असा खोल आवाज खोलीत भरला आणि खिडकीची काच बारीक थरथरली. माझे दोन्ही हात गुंतणार होते, म्हणून खडू द्वारकाबाईंच्या हातात दिला.

"मी शंभर म्हटलं की रेघ मारा. मधे बोलायचं नाही."

त्या हसल्या. कसनुसं हसल्या. "आता बोलती व्हय मी?"

डाव्या हाताच्या दोन बोटांत तार धरली आणि उजव्यानं चाक फिरवलं. स्पीकरमधून आवाज आला, टक्‌.

आणि त्याच्या मागोमाग, घोगरा, धापेचा, अगदी जवळून...

"बेचाळीस."

मी थांबलो. खोलीत कुणी बोललं नव्हतं. द्वारकाबाईंचे ओठ मिटलेले होते, हातातला खडू मधल्यामधे थांबलेला. मी स्वतःला समजावलं की बाहेर पाणंदीनं कुणी चाललं असेल, तडकलेल्या मेणाचा पिकअप आहे, पकडला असेल आवाज. मी चाक पुन्हा फिरवलं.

टक्‌. "त्रेचाळीस."

टक्‌. "चव्वेचाळीस."

मी भ्यालो. उठून पळायचं मनात आलं आणि त्याच क्षणी दुसरंही आलं, की मी उठलो तर बोटातली तार तुटेल. तार भरणाऱ्याचं मन असं असतं बघा, भूत परवडलं पण तुटलेली तार नको. मी द्वारकाबाईंकडं पाहिलं. त्यांनी पदराचा बोळा तोंडात कोंबला होता आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. मान मात्र हलत होती. चालू द्या, चालू द्या.

मी चालू ठेवलं.

चाक मी फिरवत होतो, पण काम माझं राहिलं नव्हतं. मी जोरात फिरवलं तर आवाज जोरात मोजे, हळू केलं तर हळू. एकदा बोटातली तार सैल पडली तर तो आवाज सत्तराशी घुटमळला, श्वास घेतला. मी तार नीट केल्यावरच म्हणाला, "एक्काहत्तर." नाराजीनं म्हणाला. चूक दाखवणाऱ्या उस्तादासमोर जसे कान लाल होतात तसे माझे झाले. मग "शंभर" आलं. द्वारकाबाई भिंतीशी गेल्या, पंजावर उभ्या राहिल्या आणि त्रेपन्नावी रेघ ओढली.

"लाभ," स्पीकर म्हणाला.

त्या एका शब्दावर मी तुम्हाला काय सांगू? आजोबांच्या खळ्यावर तो मी लहानपणी ऐकला होता, त्यानंतर कुणी धान्य मोजताना मला दिसलंच नाही. वजनकाटे आले. आणि इथं एक गेलेला माणूस तांब्याच्या तारेची रास मोजत होता, पहिल्या मापाला देवाचं नाव घ्यावं तसा. माझी भीती कुठं गेली ते मला कळलं नाही. तिच्या जागी काहीतरी मोठं आलं, त्याला मी नाव देऊ शकत नाही. मोठ्या नदीच्या काठी पहिल्यांदा उभं राहिलं की माणूस गप्प होतो ना, तसा मी आतून गप्प झालो.

साठ शेकडे झाले. सत्तर झाले. बाहेर उसाची पाती घासायची थांबली होती. खोलीत गरम मेणाचा आणि विडीचा वास येऊ लागला. मी विडी ओढत नाही आणि मेण तापवलेलं नव्हतं. द्वारकाबाई दर शंभराला उठत, रेघ ओढत, खाली बसत. गुडघे धरून उठणारी ती बाई ऐंशीच्या पुढं सरळ उभीच राहिली. बोलायची तिची तडफड मला दिसत होती. नवऱ्याचा आवाज दीड वर्षानं कानावर पडतोय आणि एक अक्षर तोंडातून काढायचं नाही, याहून मोठी शिक्षा कुठल्या कोर्टानं दिली असती? पण तिनं रास मोडू दिली नाही.

शेवटचा शेकडा हळू गेला. माझा हात भरून आला होता. अठ्ठ्याण्णव. नव्व्याण्णव.

"शंभर," आवाज म्हणाला. आणि त्याच्यामागं एक लांब उसासा, भारा खाली टाकल्यावर सोडतात तसा.

द्वारकाबाईंनी नव्वदावी रेघ ओढली.

मी वाट पाहिली. नुसती घूं राहिली होती. मी अँप्लिफायर बंद केला, पिकअपला वीतभर शेपूट ठेवून तार कापली, आणि भरलेला पिकअप चाकावरून काढून मुठीत घेतला. कोमट लागला.

"बेचाळीसपासनं सुरू झालं न्हवं?" द्वारकाबाई म्हणाल्या. आवाज फाटला होता.

"हो."

"मी लाभ ऐकलं आन लगीच हाक मारली. म्हंजे माझ्या हाकंच्या फुडं चाळीस येढं घातलं त्येंनी." त्या बोटांवर मोजल्यासारखं करत होत्या. "दचकलं आसतं तर तार तितंच तुटली आसती. व्हय का न्हाय? तुमी जाणतं हाय, तुमीच सांगा."

"त्याच वेढ्याला तुटली असती, मावशी. या तारेला दचकणं चालत नाही."

"मग माझ्या हाकंनं न्हाय गेले."

"नाही. मुळीच नाही."

त्या भिंतीला टेकून खाली बसल्या आणि तोंड उघडून रडल्या. बऱ्याच वेळानं पदरानं तोंड पुसलं आणि एकदम बायकोच्या रागानं म्हणाल्या, "मग ऐकू आलं हुतं तर ओ द्याया काय झालं हुतं?"

"मोजत होते ना. मोजताना कसे बोलतील?"

"त्ये बी खरंच." त्या हसल्या, आता नीट हसल्या, आणि गुडघ्यावर हात रेटून उठल्या. "बसा, च्या टाकती."

मी बसलो. आत भांडी वाजली, स्टोव्हची भुरभुर ऐकू आली, आल्याचा वास आला. मी सुटलो असं मला वाटलं. सव्वाचा अडीच करून टाकावा, बाईला फसवू नये, असंही मनात आलं.

तेवढ्यात द्वारकाबाईंनी आतून हाक मारली.

"अवो... च्या झाला."

मला कुणी बाई 'अवो' म्हणणार नाही. माझं तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं.

पिकअप ऐकतो. त्याला कान असतो, तोंड नसतं. हे मी धंद्यातल्या पोराटोरांना पहिल्या दिवशी शिकवतो. आणि माझ्या मुठीतला तो पिकअप, कशालाही न जोडलेला, अंड्यातलं पिल्लू हलावं तसा हलला, आणि माझ्या बोटांच्या फटीतून अगदी स्पष्ट आवाज आला.

"ओ."

मग त्याचं वीतभर मोकळं शेपूट हवेत उठलं. खिडकीतल्या हिरव्या उजेडात ती तार चमकली, सरळ झाली, स्वयंपाकघराच्या दाराकडं ताणली गेली. उठून जाणाऱ्या माणसाच्या बोटात अडकावी तशी. माझी मूठ टेबलावरून दोन बोटं पुढं ओढली गेली. आणि मग तार सैल होऊन माझ्या मनगटावर पडली. तुटली नाही.

आत पाट सरकल्याचा आवाज झाला.

"बसा," द्वारकाबाई म्हणाल्या, रोजच्या आवाजात. "गरम हाय. जपून प्या."